पिंजऱ्याखालचा माणूस

माघातल्या कोवळ्या उन्हात, बेहड्याच्या विरळ सावलीत, धडधडत्या इंजिनाशेजारी डोळे मिटून उभा असलेला एक माणूस. पत्रूभाऊ मला पहिल्यांदा दिसले ते असे. हातात हातभर लांबीचा पेचकस, म्हणजे स्क्रू-ड्रायव्हर, होता. त्याचं पातं त्यांनी गाडीच्या पोटाखालच्या लोखंडाला टेकवलं होतं आणि लाकडी मूठ कानामागच्या हाडावर दाबून धरली होती. ओठ किंचित विलग, श्वास मंद, आणि चेहऱ्यावर अशी विलक्षण एकाग्रता की देवळातल्या गाभाऱ्यापाशी उभं राहिल्यासारखी मीही नकळत गप्प झाले. कोंबड्या ओरडत होत्या, रस्त्यानं धानाच्या पोत्यांचा ट्रॅक्टर खडखडत गेला, पण त्या माणसाभोवती शांततेचं एक कडं होतं आणि त्या कड्याच्या आत फक्त तो आणि एक आजारी यंत्र होतं.

मी वन्यप्राण्यांची डॉक्टर. वाघ-बिबट्यांना बेशुद्ध करून पिंजऱ्यात घालणाऱ्या आणि माणसांपासून दूर नेणाऱ्या एका बचाव पथकात तेव्हा काम करत होते. पथकाला कुणा दात्यानं एक पिकअप दिली होती. तिला क्लच नव्हता, आपले गिअर ती आपणच बदलायची. मागच्या हौद्यात आमचा लोखंडी पिंजरा बसायचा. त्या हिवाळ्यात तिच्या पोटातून एक बारीक, ताणलेली शीळ उमटू लागली होती. शहरातल्या कारागिरांनी चाकांची बेअरिंगं बदलली तरी शीळ तशीच. मग आमचा चालक हरिदास म्हणाला, कुरखेड्याहून धानोऱ्याकडे जाताना वाटेत एक माणूस आहे, तो गाडी उघडत नाही, आधी ऐकतो.

पत्रूभाऊंनी डोळे उघडले. "गाडी उभी आहे," ते म्हणाले. "चाक फिरून नाई राह्यलं, आन् आवाज तं येऊन राह्यला. मंग चाकाले काऊन दोष देता बापा?"

त्यांनी हरिदासला हळूहळू अ‍ॅक्सिलरेटर दाबायला सांगितला. इंजिनाबरोबर शीळही चढत गेली, उतरली, पुन्हा चढली. "हे पाहा. गिअरच्या पेटीत तेल ढकलाचा पंप असते. त्याले तेल भेटून नाई राह्यलं. तो हवा पिऊन राह्यला. म्हनून असा कण्हते."

तेवढ्यात एका बाईनं पुढे होऊन तेल मोजायची दांडी उपसली, पदराच्या टोकाला पुसली, नाकाशी नेली आणि तोंड वाकडं केलं. "जळलं वो हे. काळंशार झालं."

ती वच्छला, त्यांची बायको. दुकानात दुसरं कुणी नव्हतंच. पत्रूभाऊ गाडीखाली असले की फक्त तळवा वर करत, आणि त्या तळव्यावर नेमका हवा तो पाना येऊन पडे. कितवा पाना हे ते सांगत नसत. त्यांच्या मनगटाच्या वळणावरून तिला ते कळायचं. वीस वर्षांच्या सहवासाची ती मूक भाषा, लोखंडाचा आणि बांगड्यांचा तो एकत्र किणकिणाट, मी त्या दिवशी तासभर ऐकत बसले होते. बायकोनं एकदा चुकीचा पाना दिला. मुद्दाम. पत्रूभाऊ गाडीखालून खदखदून हसले.

निदान साधं होतं. तेल गाळणारी जाळी तुंबली होती. जाळी आणि नवं तेल नागपूरहून मागवावं लागणार होतं. "तेल घालून देतो आता. पण हे गाडी बोलावून राह्यली तुमाले, डाक्टरबाई. जास्त दिवस नका थांबू."

मी थांबले. हे मला इथे लिहिलंच पाहिजे. जाळी आणि तेलाचे डबे आठवड्याभरात त्यांच्या दुकानात येऊन पडले, त्यांनी दोनदा निरोप धाडला. पण त्या वर्षी हाका थांबत नव्हत्या. आज या गावात बैल, उद्या त्या गावात माणूस. एका शिवारातून दुसऱ्या शिवारात धावताना मला त्या शिळेची सवय होऊन गेली. सततच्या वेदनेला माणूस जसा हळूहळू मौन समजू लागतो, तशी मी त्या आवाजाला शांतता समजू लागले.

मोहफुलांचे दिवस आले. पहाटे फुलं टपटपतात आणि बाया टोपल्या घेऊन जंगलात जातात. फुलं वेचताना वाकावं लागतं. वाकलेला माणूस वाघाला माणूस दिसत नाही, आणि हे त्या बायांना ठाऊक असतं, तरीही त्या जातात, कारण फूल उन्हात पडून राहिलं की नासतं. वच्छला चार बायांबरोबर गेली होती. बाकीच्यांनी एकच आवाज ऐकला, फांदी मोडल्यासारखा.

मी पोचले तेव्हा सकाळचं ऊन झाडांच्या खोडांवरून खाली उतरत होतं. टोपली सरळ उभी होती, फुलांनी अर्धी भरलेली. तिथून ओढत नेल्याची खूण गवतातून नाल्याकडे गेली होती, रुंद, ओली, आणि वाटेत करवंदीच्या जाळीला हिरव्या लुगड्याच्या चिंध्या लटकत होत्या. मान मोडलेली होती. कमरेखाली जे उरलं होतं त्याला शरीर म्हणवत नव्हतं. मी अनेक मृत्यू पाहिले आहेत, मोजमापं घेतली आहेत, दातांच्या खुणांमधली अंतरं लिहून ठेवली आहेत. त्या दिवशी माझी पेन्सिल हातातच मोडली. पत्रूभाऊ आले. त्यांनी अंगातला सदरा काढला, जमिनीवर पसरला आणि पाना-पेचकस गोळा करावेत तितक्या काळजीनं, एकही तुकडा मागे राहू न देता, त्यांनी आपली बायको गोळा केली. कुणाला हात लावू दिला नाही. वच्छलाचा धाकटा भाऊ रामदास शेजारी उभा राहून किंचाळत होता, कपाळ झाडावर आपटत होता.

दुपारी अग्नी देऊन ते परतले आणि दुकानात शिरले. घण उचलला आणि ऐरणीवर मारू लागले. ऐरणीवर काही नव्हतं. ते नुसते मारत राहिले. ठिणग्या उडत होत्या, हातांची कातडी सोलून घणाच्या दांड्यावर रक्त ओघळत होतं, आणि गावातलं कुणीही तो आवाज थांबवायला गेलं नाही. शेवटी दांडाच फाटला.

पायांच्या ठशांवरून वाघ ओळखू आला. वयात येत असलेला नर होता. पंधरवड्यानंतर एका सकाळी सूर्य नुकताच वर येत असताना माझी सुई त्याच्या मांडीत बसली. आम्ही त्याला पिंजऱ्यात घातला आणि शुद्धीवर आणणारं औषध दिलं. दुसरी जीप पुढे नाक्यावर रस्ता मोकळा करायला गेली. मी, हरिदास आणि तो, असे तिघे पिकअपमध्ये निघालो. जंगलातल्या कच्च्या वाटेवर एक दगड उसळून गाडीच्या पोटावर आदळला. शीळ एकाएकी किंकाळी झाली. गावाच्या तोंडाशी येईपर्यंत इंजिन गर्जत होतं आणि चाकं जागची हलत नव्हती. गाडी थांबली ती नेमकी पत्रूभाऊंच्या गावात, त्यांच्या दुकानापासून हाकेच्या अंतरावर.

टोचन करून ओढायला दुसरी गाडी नव्हती. फोनला रेंज नव्हती. आणि गाव आलं.

आधी बायका आल्या, मग पुरुष, मग काठ्या, मग कुऱ्हाडी. गर्दीला एकच तोंड असतं आणि त्या तोंडात एकच वाक्य होतं: "उतरवा त्याले." हरिदास हात जोडून पुढे झाला. पहिली काठी त्याच्या खांद्यावर बसली, दुसरी डोक्यावर. त्याच्या कानावरून रक्ताची धार उतरली आणि तो चाकाला टेकून खाली बसला. एक दगड माझ्या भुवईवर लागला. एका डोळ्यात रक्त उतरलं आणि अर्धं जग तांबडं दिसू लागलं. ऊन चढत होतं. वाघ धापा टाकत होता. उन्हानं तापलेल्या पिंजऱ्यात तो फार तर दीड-दोन तास तग धरला असता. मी कॅनमधलं पाणी त्याच्या अंगावर ओतत होते आणि लोक माझ्यावर थुंकत होते. त्यांच्याबद्दल माझ्या मनात राग नव्हता. त्यांच्यातली कुठलीही बाई त्या दिवशी वच्छलाच्या जागी असू शकली असती.

गर्दी दुभंगली. पत्रूभाऊ येत होते. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. रामदासनं पुढे होऊन त्यांच्या हातात कुऱ्हाड दिली. "भाऊजी, हक्क तुमचा हाय. पैले तुमी."

त्यांनी कुऱ्हाड हातात तोलली. पिंजऱ्याकडे पाहिलं. किती वेळ, ते मला सांगता येणार नाही. वाघानं जड झालेलं डोकं उचललं, त्यांच्याकडे पाहिलं आणि पुन्हा टेकवलं. मग पत्रूभाऊंनी ती कुऱ्हाड गाडीच्या बॉनेटवर ठेवली, मागे वळले, दुकानातून हत्यारांची पेटी, ती नवी जाळी आणि तेलाचे डबे घेऊन आले आणि गाडीखाली शिरले.

लोकांना ते कळायला वेळ लागला. मलाही.

गाडीच्या खालून त्यांचा आवाज आला, कोरडा, नेहमीसारखा. "तेल थंड करायची नळी फाटली. सारं तेल सांडलं." वरून पिंजऱ्याच्या फटींतून पाणी गळत होतं आणि पाण्यात वाघाचं मूत्र मिसळलेलं होतं. ते त्यांच्या छातीवर, तोंडावर ठिबकत होतं. त्यांच्यापासून दोन हातांवर, एका लोखंडी पत्र्याच्या वर, त्यांच्या बायकोला फाडणारं ते जनावर श्वास घेत होतं. त्यांनी फाटलेला तुकडा कापला, रबराची नळी चढवून दोन्ही टोकं आवळली आणि पूर्वीच्या सवयीनं तळवा वर केला. तो तळवा क्षणभर तसाच रिकामा राहिला. मी खाली वाकून हाताला लागला तो पाना त्यावर ठेवला. तो चुकीचा होता. त्यांनी तो बाजूला ठेवला आणि हवा तो आपणच शोधून घेतला.

नवं तेल ओतलं, मी गाडी सुरू केली. शीळ परत आली, बारीक पण तीच. त्यांनी पेचकस लोखंडाला टेकवला आणि मूठ कानामागे धरली. शिव्यांच्या, दगडांच्या त्या कल्लोळात त्यांनी डोळे मिटले. "जाळी तुंबलीच आहे. नळी जोडून भागत नाई. खालची परात काढा लागते."

परात, म्हणजे गिअरच्या पेटीचा तळ, काढायची म्हणजे वीस बोल्ट, आणि आत तापलेलं तेल. गर्दी आता अस्वस्थ होऊ लागली होती. "थो वाघाले वाचवून राह्यला!" कुणीतरी ओरडलं. "वच्छीले इसरला!" परात सुटली तसं कढत तेल त्यांच्या दंडावर सांडलं आणि कातडी पांढरी पडून वर आली. त्याच क्षणी वाघ पुरता जागा झाला. त्याची डरकाळी त्या पत्र्यातून, लोखंडातून, जमिनीतून गेली. लोक मागे पळाले. रामदास तेवढा पुढे आला. तो चाकावर पाय देऊन हौद्यावर चढला आणि हातातला भाला त्यानं गजांमधून आत खुपसला. भाला वाघाच्या खांद्यात रुतला. वाघ गजांवर कोसळला, अख्खी गाडी त्या धक्क्यानं एका अंगाला कलली. खाली माणूस होता.

पत्रूभाऊ बाहेर आले तेव्हा त्यांचं अंग तेलानं काळं आणि वरून ठिबकणाऱ्या रक्तानं लाल झालं होतं. रामदास दुसऱ्यांदा भाला उगारत होता. त्यांनी डाव्या हातानं पातंच पकडलं. तळवा उभा चिरला गेला. उजव्या हातात लोखंडी पहार होती. ती त्यांनी रामदासच्या खांद्यावर घातली. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. रामदास खाली कोसळला, आणि पत्रूभाऊ त्याच्याकडे न पाहता पिंजऱ्याकडे वळले.

मग त्यांनी पिंजऱ्यावर घाव घातला. आणखी एक. आणखी एक. दोन्ही हातांनी, सगळ्या अंगाचं बळ एकवटून, गजांवर, वाघाच्या तोंडासमोर. वाघ आतून झेपावत होता, ते बाहेरून मारत होते, आणि दोघांच्या तोंडून निघणारा आवाज वेगळा ओळखता येत नव्हता. एक गज वाकला. मला वाटलं, आता पिंजरा उघडणार आणि हे दोघं एकमेकांना भिडणार. गावही तेच पाहत होतं. कुणाच्याही हातातली काठी हलली नाही.

ते थांबले. पहार हातातून गळून पडली. चिरलेल्या तळव्याला त्यांनी डोक्याचा रुमाल गुंडाळला आणि ते पुन्हा गाडीखाली गेले.

त्यांना कुणी अडवलं नाही. त्या घावांनी गावाचंही काहीतरी निचरून गेलं असावं. दोन माणसांनी रामदासला उचलून सावलीत नेलं. एका म्हातारीनं न विचारता घागर आणून माझ्या हातात दिली. नवी जाळी बसली, बोल्ट आवळले गेले, उरलेले डबे रिते झाले. नव्या तेलाचा रंग डाळिंबाच्या दाण्यासारखा लाल असतो. नरसाळ्यातून ते उतरताना मी मान फिरवली. गाडी सुरू केली. शीळ वितळत वितळत नाहीशी झाली. उरली ती इंजिनाची खोल, भरलेली घुमघुम. लिव्हर ओढताच गाडी जागची हलली.

हरिदास चालवण्याच्या स्थितीत नव्हता आणि माझा डोळा सुजून मिटला होता. पत्रूभाऊ स्टिअरिंगवर बसले.

नाक्यापर्यंतचा रस्ता बराच होता. दोन्ही बाजूंना उन्हानं करपलेलं जंगल, पानगळीतून आरपार दिसणारं, आणि मागे अधूनमधून गजांवर घासणारं ते शरीर. एका हातानं ते गाडी चालवत होते. रुमालातून रक्त त्यांच्या मांडीवर झिरपत होतं. मी काही विचारलं नव्हतं. तेच बोलले.

"तो इथी मेला असता, तं इथीच राह्यला असता, बाई. त्या बेहड्याखाली. रोज मले दिसला असता. मले तो जावा वाटत होता."

नाक्यावर ते उतरले. मी जखम शिवते म्हटलं तर मान हलवली आणि आल्या वाटेनं चालू लागले. पुढे जीपमधल्या माणसानं स्टिअरिंग हाती घेतलं. वाघ जगला. खांद्यावर व्रण घेऊन तो आज दूरच्या एका कुंपणात येरझाऱ्या घालतो.

पत्रूभाऊ त्या दिवशी नाक्यावरून परतले ते सरळ रामदास होता त्या दवाखान्यात. त्याच्या घरच्यांनी त्यांना आत येऊ दिलं नाही. ते दोन दिवस बाहेरच्या पायरीवर बसून होते. रामदासनं मात्र डॉक्टरांना आणि पोलिसांना एकच सांगितलं, गाडीवरून पडलो. हे पत्रूभाऊंच्या कानावर गेलं की नाही, कुणाला माहीत नाही. दिवाळीनंतर त्यांनी दुकानाला कुलूप घातलं आणि सिरोंच्याकडे, तेलुगू बोलणाऱ्या मुलखात, निघून गेले. कुठल्या गावी, ते कुणाला सांगितलं नाही.

पुढच्या वर्षी मोहफुलांच्या दिवसांत मी त्या गावी थांबले. बंद दुकानाच्या ओट्यावर रामदास बसला होता. एक खांदा कायमचा खाली आलेला. मी येणार म्हणून तो आला नव्हता. तो रोजच तिथे बसतो, असं नंतर कळलं. मी शेजारी टेकले. मग त्यानं विचारलं, "त्या दिवशी गाडीत भाऊजी काई बोलले काय? वच्छीचं काई?"

मी आठवलं. नाक्याच्या अलीकडे एकदाच ते तिच्याबद्दल बोलले होते. "म्हणाले, वच्छलाला वाघाचं कधी भेव नव्हतं. सापाचं होतं."

रामदासनं चमकून वर पाहिलं. "सापाचं?" त्याच्या चेहऱ्यावर हसू फुटलं, फार दिवसांनी फुटलेलं, वेडंवाकडं. "नाई वो बाई. भेव होतं तिले बेडकाचं! लाजून लोकाले साप सांगे. भाऊजीले बी सापच सांगितलं असन तिनं." तो हसत राहिला. हसता हसता त्याचा तो मोडलेला खांदा थरथरू लागला. "हे सांगाचं होतं ना त्याइले. आता कोनाले सांगू?"

गेलेलं माणूस पुरतं आठवायला मागे निदान दोघं लागतात, एकानं चुकायला आणि दुसऱ्यानं दुरुस्त करायला. त्यांतलाही एक निघून गेला की स्मृती जिवंत राहते खरी, पण काळ तिच्यात जे जे चुकीचं भरत जातो, ते तसंच राहतं.